माशाला पॉलिश

दि. ९ नोव्हेंबर

चि. साहेब,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील, अक्षर ओळखशील, मग खणात सरकवशील आणि समोरच्या गिऱ्हाइकाचे डोळे तपासून झाल्यावरच उघडशील, हे मला इथे बसून दिसतं आहे. तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याजवळ नाही, म्हणून चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. मालक रागावणार नाहीत ना? फोन करणार होतो. पण फोनवर मला काही सुधरत नाही. 'हं', 'बरं', 'ठेवू का' एवढ्यात माझं संपतं. गावच्या शाळेत गुरुजींनी आमच्याकडून पत्रं मात्र भरपूर लिहून घेतली होती, तीच आता उपयोगी पडतात.

तू या घरात सून म्हणून आलीस आणि महिनाभरात घराची साहेब झालीस. कोणता डबा कुठे, कोणी आंघोळीला आधी जायचं, माझ्या कामाच्या कपड्यांनी कुठपर्यंत यायचं आणि कुठे थांबायचं, सगळे हुकूम तुझे. आता तुमचं दोघांचं मोडलं, कोर्टाचे कागद झाले, तू दुसऱ्या गावी गेलीस, त्यालाही वर्ष उलटलं. तरी मला दुसरी हाक सुचत नाही. चालवून घे.

काम ठीक चाललं आहे. सध्या एका वाचनालयाची लांबलचक टेबलं पॉलिशला आली आहेत. जुनं लाकूड आहे, पण त्यावर कोणी तरी अडाण्याने रंग फासला होता. तो खरवडता खरवडता आम्हा सगळ्यांची नखं गेली. खालचं लाकूड मात्र असं निघालं, की आमचा सुतारसुद्धा गप्प झाला. तो गप्प होतो म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो.

हिला मधे ताप आला होता. बरेच दिवस हटेना. आता ताप नाही, घाबरू नकोस, पण तोंडाची चव पार गेली. काही दिलं तरी म्हणते, पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. मऊ भात केला, नको. सूप केलं, नको. तिची बहीण येऊन चार पदार्थ करून गेली, त्याला तर हिने नावंच ठेवली, म्हणजे तब्येत सुधारते आहे असं मी समजलो. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या, पोटात काही जाऊ दे. पण ही मागेल तर ना.

परवा दुपारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. तर एकदम म्हणाली, "तो पोरीचा मासा असता तर खाल्ला असता."

मी म्हटलं, "कोणता मासा?"

"तोच हो. गोड-खारट. तुमच्या टेबलासारखा चमकायचा तो."

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप परत आला की काय. तुला आठवत असेल, तू पहिल्यांदा सॅमन आणलास आणि त्याला मध लावायला निघालीस तेव्हा हिने काय तोंडसुख घेतलं होतं. "माशाला मध? मग उद्या भाताला अत्तर लाव!" आणि पुढे दर वेळी ताट पुसून खायची आणि म्हणायची, टाकून द्यायचा नाही म्हणून खाल्ला हो. तू आत तोंडाला टॉवेल लावून हसायचीस.

तर मी मासा आणायला गेलो. कोपऱ्यावरच्या मासेवाल्या बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, करणार कोण?" मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, "मग आधी साध्या माशावर शिका." पण मी ऐकलं नाही. केशरी रंगाचे दोन जाड तुकडे घेऊन आलो. मध, सोया सॉस, लसूण, लिंबू एवढं मला आठवत होतं. कधी काय घालायचं, ते तू करत असताना मी पाहिलं नव्हतं. मी पाहायचो ते तुझ्याकडे. हातातल्या वाटीकडे कोण पाहतं?

मग मला जे येतं ते मी केलं. हसू नकोस. सगळं वाटीत कालवलं आणि स्वच्छ कापडाचा बोळा करून कच्च्या माशाला पहिला हात दिला. पातळ. पंख्याखाली वाळायला ठेवला. मग दुसरा हात. परत पंखा. लाकडाला लाखेचं पॉलिश असंच चढतं, घाई केली की डाग पडतात. तिसऱ्या हाताला माशावर अशी काही चकाकी आली की मला माझा चष्मा त्यात दिसला. हिला उठवून दाखवला. ती म्हणाली, "भिंतीवर टांगायचा आहे का?"

आणि मग तवा तापवून त्यावर ठेवला.

पुढचं तुला कळलंच असेल. बघता बघता काळा कोळसा, घरभर धूर, आणि आत मासा कच्चाच. शेजारचे बँडवाले दार वाजवायला लागले, "अहो, पॉलिशचा डबा पेटला की काय?" मी एका हातात तवा, एका हातात फडकं घेऊन दार उघडलं. मागून ही अंथरुणातून ओरडली, "अहो, तो मासा आहे, कपाट नाही!" आणि हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता परत हसली. आजारपणात पहिल्यांदा हसली. एवढं हसली की मलाही करपलेल्याचं काही वाटलं नाही.

पण खायला मिळालं नाही ते नाहीच. तेव्हा साहेब, तुझ्या सवडीने दोन ओळी लिहून कळव, तो मासा कसा करायचा. मला समजेल असं लिही.

संध्याकाळी कामावरून आलो की मोरीत हात घासताना अजून थोडा थांबतो. तू आतून विचारायचीस, "आज काय चमकवलंत, बाबा?" आणि मी सांगायचो, आज कपाट, आज देवघर, आज कोणाच्या आजोबांची खुर्ची. आता कोणी विचारत नाही. विचारायला पाहिजे असंही नाही. हात तेवढेच स्वच्छ होतात.

जपून राहा. जेवण वेळेवर घे.

तुझे
बाबा


दि. २४ नोव्हेंबर

चि. साहेब,

आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू दुकानाच्या पावतीच्या मागे लिहिलंस, म्हणजे गिऱ्हाइकांमधून वेळ काढलास. पण अक्षर घाईचं नव्हतं. पहिलीच ओळ, "बाबा, पॉलिश शेवटी!" ही मी मोठ्याने वाचली, तशी ही आतून म्हणाली, "मी हेच सांगत होते." तिने असलं काही एक सांगितलं नव्हतं. पण आजारी माणसाशी वाद कशाला घाला.

तू लिहिलंस तसं शब्दाला शब्द केलं. मासा फडक्याने अगदी कोरडा टिपला. मीठ लावायला हात गेला होता, तेवढ्यात तुझी ओळ आठवली, सोया सॉस खारट असतो, वरून मीठ नको. तवा चांगला तापू दिला, थोडं तेल, आणि मासा कातडीच्या बाजूने ठेवला. "ठेवला की त्याला हात लावू नका, बाबा, तो आपणहून सुटतो," हे तू लिहिलं नसतंस तर मी नक्की उचकटला असता. दुसऱ्या चुलीवर मध, सोया सॉस, ठेचलेला लसूण, किसलेलं आलं मंद आचेवर ठेवलं. सारखं ढवळत होतो. आधी पाण्यासारखं होतं, मग बुडबुडे मोठे झाले, मग आळशी झाले, आणि चमच्याच्या पाठीला धरायला लागलं. तेव्हा मला कळलं. आमच्याकडेही लाख अशीच धरते. हे आधी सांगितलं असतंस तर इतकं लिहावंच लागलं नसतं.

मासा उलटला, कडेने पांढरट झाला, आणि मग वरून तो लेप दिला. एकच हात. वाटीत उरलेलं होतं, मोह होत होता, पण आवरला. शेवटी लिंबू.

साहेब, मासा चमकला. करपला नाही.

ही उठून टेबलाशी येऊन बसली. मी समोर बसलो, पण खाईना. हिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पहिला घास घेतला, चावला. मी म्हटलं, पुठ्ठा लागतो का? तिने मान हलवली. मग दुसरा घास. मग म्हणाली, "लिंबू कमी आहे. पोरगी जास्त पिळायची." आणि आख्खा तुकडा संपवला. माझ्या ताटातला अर्धाही घेतला. टाकून द्यायचा नाही म्हणून, असं काही म्हणाली नाही.

त्यानंतर दोनदा केला. मासेवाल्या बाई आता मला बघून आपणहून जाड तुकडा काढतात. बँडवाल्यांना एकदा वाटी नेऊन दिली. ते म्हणाले, काका, हे धंद्याला लावा. पण त्यांच्या बोलण्यावर जाऊ नये, त्यांना सगळंच आवडतं.

तू शेवटी विचारलं आहेस, "घरी सगळे बरे आहेत ना?"

हिचं तर सांगितलंच. आता जिना उतरून खालपर्यंत जाऊन येते. माझा उजवा खांदा दुखतो, पण तो धंद्याचा आजार, तो काही मनावर घेण्यासारखा नाही. मोरीतला नळ परत गळायला लागला आहे. खिडकीत तू लावलेल्या कुंडीला नवी पानं आली, फूल अजून नाही. मांजर आठवडाभर कुठे गायब होतं, परत आलं ते दुसऱ्या कोणाच्या घरचं खाऊन गुबगुबीत होऊन आलं. आमचे चिरंजीवही बरे आहेत. त्यांची बदली इथून जवळच झाली आहे, दर रविवारी येतात.

वाचनालयाची टेबलं गेली. ती पोचवायला मीही टेंपोबरोबर गेलो होतो. मोठं दालन, उंच खिडक्या. टेबलं मांडली आणि त्यावर उजेड पडला, तेव्हा तिथली बाई म्हणाली, यावर पुस्तक ठेवायला जीव होत नाही. मला बरं वाटलं. वाटलं, संध्याकाळी सांगायला चांगलं आहे. मग बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की कोणाला सांगणार. म्हणून तुला लिहिलं.

सध्या घरातल्या खुर्च्या काढल्या आहेत. परक्यांच्या चमकवतो आणि आपल्या तशाच, असं ही कायम म्हणते. या रविवारी पाहुणे आहेत, त्यामुळे पडदेही धुतले. पडदे काढून वाळत घातले की खोलीत केवढा उजेड येतो. ते परत लावूच नयेत असं वाटलं.

आणखी काय लिहू. थंडी पडायला लागली आहे. सकाळी दुकान उघडताना गळ्याला काही बांधत जा. तुझा खोकला लवकर जात नाही.

तुझे
बाबा


दि. ११ डिसेंबर

चि. साहेब,

आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. एकच ओळ. "बाबा, तुम्ही पडदे उगाच धूत नाही. कोण येणार होतं?"

माणसांचे डोळे तपासून तपासून तुझी नजर अशी झाली, की ती आधीपासूनच अशी होती, कोण जाणे. मी दोनदा उत्तर लिहायला बसलो. एकदा फक्त हवापाणी लिहून झालं आणि फाडलं. एकदा तेवढंही झालं नाही. रोज सकाळी देवापुढे बसतो तेव्हा काही मागत नाही, तुला माहीत आहे. त्याला काय द्यायचं ते तो देतो, आपण यादी कशाला वाचायची. पण गेले काही दिवस मागतो आहे. म्हणतो, हे तिला माझ्या आधी दुसऱ्या कोणाकडून कळू नये, आणि मला लिहिता यावं. पहिलं त्याच्या हातात होतं. दुसरं माझ्याच हातात आहे, म्हणून आज लिहितो.

चिरंजीवांचं लग्न ठरलं आहे. पुढच्या महिन्यात आहे.

त्यांच्याच कचेरीतली मुलगी आहे. आधीचं सगळं तिला माहीत आहे, त्याने काही लपवलेलं नाही. त्या रविवारी ती आणि तिची मोठी बहीण आमच्याकडे जेवायला आल्या होत्या.

हे वाक्य लिहून झालं आणि मी उठून पाणी पिऊन आलो. तूही थोडी थांब हवं तर. मग पुढचं वाच. पुढचंही मला सांगायचंच आहे.

आधी चिरंजीवांचा फोन आला होता. म्हणाले, "बाबा, काहीही करा, पण तो मासा नको." मी म्हटलं, ठीक आहे. मी दुसरं काही ठरवलंही होतं. तर रविवारी सकाळी मी आंघोळ करून येतो, तो ही खालून पिशवी घेऊन वर येते आहे. धापा टाकत. पिशवीत सॅमन. जिना उतरून, कोपऱ्यापर्यंत जाऊन, बाईंशी घासाघीस करून आणलेला.

मी म्हटलं, "अगं, तो नको म्हणाला आहे."

"त्याला नको असेल. पाहुण्यांपुढे घरातलं सगळ्यात चांगलं ठेवायचं असतं. तुम्हाला याच्यापेक्षा चांगलं काही येतं का?"

"नाही."

"मग करा."

केला. लिंबू जास्त पिळलं.

मुलगी चांगली आहे. हे तुला लिहिताना माझा हात अडखळतो, पण खोटं लिहून काय होणार. हळू बोलते, चपला नीट लावून ठेवते. मांजराला आधी नमस्कार केल्यासारखी वाकली, मग आम्हाला. तिची बहीण मात्र बोलकी. आल्या आल्या खुर्चीवरून हात फिरवून म्हणाली, "ही नवीन घेतली का?" ही म्हणाली, "नाही हो, माझ्या लग्नातली आहे. आमच्यात फक्त फर्निचरच नव्यासारखं राहतं."

जेवायला बसलो. चिरंजीवांनी ताटात मासा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई भात वाढत होती. त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. शेवटपर्यंत मान वर केली नाही. ताटाला लागलेलं पॉलिशही बोटाने पुसून खाल्लं. तू असताना तो हेच करायचा आणि तू ओरडायचीस.

ती मुलगी म्हणाली, "काका, किती सुरेख झालाय. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

साधाच प्रश्न होता. तिच्या मनात काही नव्हतं. पण टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. मी घास तोंडात ठेवूनच बसलो, म्हणजे उत्तर द्यायला नको. चिरंजीवांनी पेल्याला हात घातला. पेला रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

आणि ही म्हणाली, "आमच्या लेकीनं."

असं म्हणाली आणि तिच्या ताटात दुसरा तुकडा वाढला.

मोठी बहीण चटकन म्हणाली, "अय्या, तुम्हाला मुलगी पण आहे? कुठे असते?" धाकटीने तिच्या पायाला पाय लावला असावा, कारण ती एकदम गप्प झाली. धाकटीला कळलं होतं. तिचा चेहरा लाल झाला, पण तिने ताट दूर सारलं नाही. थोड्या वेळाने मला म्हणाली, "काका, मला शिकवाल?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो."

कोणाला विचारून, हे तिने विचारलं नाही. मान डोलावली फक्त.

पाहुण्या गेल्या. चिरंजीव त्यांना पोचवून परत आले आणि जिन्यातच पायरीवर बसले. मी कचरा ठेवायला खाली चाललो होतो, मीही बसलो. तो म्हणाला, "बाबा, तिला कळवलंत का?" मी म्हटलं, "ते तू कळवायचं." तो म्हणाला, "मी फोन केला तर ती नीट बोलेल, अभिनंदनसुद्धा करेल, आणि मग फोन ठेवून काय करेल ते मला माहीत आहे. तुमचं पत्र असेल तर ती निदान पुरतं वाचेल." मग म्हणाला, "आईने बरं केलं." मासा केला ते, की बोलली ते, मी काही विचारलं नाही. तो पंचविशीतला माणूस माझ्या खांद्याला टेकून बसला होता, दुखणाऱ्या खांद्याला, मी हललो नाही.

तुमचं का जमलं नाही, हे मला आजही समजलेलं नाही. कोणाचं चुकलं हे ठरवायला मी बसलो नाही आणि बसणार नाही. दोन चांगल्या फळ्याही कधी कधी एकमेकींना धरत नाहीत. सुतार दोष देतो चिकटवायच्या सरसाला, सरसवाला देतो हवेला. पण तुझ्या पत्रातल्या "सगळे" या शब्दावर मी पुष्कळ वेळ थांबलो होतो. "घरी सगळे बरे आहेत ना?" त्या सगळ्यांत तू कोणाला विचारत होतीस, ते मला कळलं. म्हणून तर मी नळाचं लिहिलं, मांजराचं लिहिलं, आणि त्याचं एका ओळीत उरकलं. मला वाटतं, तू अजून कुठे तरी थोडी वाट पाहत होतीस. माझी समजूत चुकीची असेल तर हसून सोडून दे आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांना नंबर लागला म्हण. पण बरोबर असेल, तर आता पाहू नकोस. एवढं सांगायलाच मला हवापाण्याची इतकी पानं लागली.

आता आमचं सांगतो. तेही मी तितकंच टाळत आलो आहे.

सकाळी देवापुढे हात जोडले की घरातल्यांची नावं घ्यायची माझी सवय आहे. काही मागायचं नाही, नुसती नावं घ्यायची. तू आलीस तेव्हा तुझं नाव घ्यायला लागलो. कागद झाले त्या दिवशी विचार केला होता, उद्यापासून गाळायचं का. दुसऱ्या दिवशी बसलो आणि जीभ आपली आपण तिथपर्यंत गेली आणि पुढे निघाली. देवानेही काही हरकत घेतली नाही. आता नवीन मुलीचं नाव घ्यावं लागेल. घेईन, मनापासून घेईन, तिचा काही अपराध नाही. पण ते तुझ्यानंतर येईल. तुझी जागा कोणाला दिलेली नाही.

त्या रविवारी पाहुण्या गेल्यावर मी हिला म्हटलं, तू एकदम लेक कशी म्हणालीस? ती भांडी लावत होती. म्हणाली, "मग काय म्हणायचं होतं? जुनी सून? जुनी सून म्हणजे काय, जुनी चादर आहे का?" आणि मग पाठ फिरवून उभी राहिली. भांडी लावून झाली होती तरी उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ती इथे होती तेव्हा एकदा तरी चांगलं म्हणायला काय झालं होतं मला?" तिने मला हे लिहायला सांगितलेलं नाही. मी लिहितो आहे हेही तिला माहीत नाही. ती आत झोपली आहे, दुपारची.

तिने ते म्हटलं खरं, पण तुला न विचारता म्हटलं. लेक म्हटलं की झालं, असं नसतं. तुझं काय म्हणणं आहे? तुला ते जड होईल का? तू पुन्हा संसार मांडशील, मांडावास, तेव्हा हे जुनं घर मधे येईल का? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी हिला समजावीन. मासा आम्ही करत राहू आणि तुला त्रास देणार नाही.

त्या मुलीला शिकवण्याचंही तूच सांग. नको म्हणालीस तर मी तिला सांगेन की मला स्वतःलाच नीट जमत नाही, ते काही अगदीच खोटं नाही. शिकवा म्हणालीस तर शिकवीन, पण तुझं नाव सांगून.

आणि शेवटचं. तुला इथे बोलावण्याचा हक्क आता आम्हाला उरलेला नाही. लग्नाच्या घरात तर नाहीच. तू यावंस असं म्हणणं म्हणजे तुझा छळ. पण मुलीकडे आईबाप जातात, चार दिवस राहून येतात, तिची चूल कुठे, खिडकी कुठल्या बाजूला, पाणी किती वाजता येतं हे बघून येतात, त्याला काही मुहूर्त लागत नाही. लग्नाची गडबड उरकली की आम्ही दोघं मोकळे आहोत. ही आता बसमध्ये बसू शकते. एक दिवस राहू, तू म्हणशील तर अर्धाच. तू कामावर जा, आम्ही दाराशी बसू. संध्याकाळी तू आलीस की तुझ्या हाताला काय लागलं, कोणाला कोणता नंबर निघाला, ते मी विचारीन.

नको असेल तर उत्तर पाठवू नकोस. मी समजून घेईन. पत्र आलं नाही तरी सकाळचं जे आहे ते चालूच राहील, त्याला तुझी परवानगी मी मागत नाही.

हो असेल तर घराचा पत्ता तेवढा पाठव. दुकानाचा नको.

तुझ्या दारापर्यंत येऊ द्यावं म्हणून वाट पाहणारे,

तुझे आईबाबा